कोडॅकची पेटंटं एवढ्या स्वस्तात का गेली

1975 च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात, कोडॅकच्या प्रयोगशाळेत, स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मशिवाय फोटो काढून दाखवला. यंत्र साडेतीन किलोहून जड होतं. चित्र 100 गुणिले 100 ठिपक्यांचं, आणि ते कॅसेटच्या टेपवर उतरायला 23 सेकंद लागत. 26 डिसेंबर 1978 रोजी त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं, क्रमांक 41,31,919. जगातला पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा कोडॅकचा, हे कागदोपत्री पक्कं झालं.

2012 मध्ये दिवाळखोर झालेल्या कोडॅकने आपली डिजिटल छायाचित्रणाची पेटंटं विकायला काढली तेव्हा या पेटंटची किंमत होती शून्य. त्याची मुदत 1990 च्या दशकातच संपली होती, म्हणजे डिजिटल कॅमेरे घरोघरी जाण्याच्या आधी. कोडॅकने सॅसनच्या पेटंटवर अब्जावधी कमावले, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. तारखा जुळवून पाहिल्या तर ते पटत नाही. पैसा आला तो पुढच्या, कमी नावाजलेल्या, बऱ्याच रुक्ष पेटंटांमधून.

पेटंट विकताना कशाला भाव येतो हे समजून घ्यायला कोडॅकच्या या विक्रीसारखं प्रकरण नाही. सुमारे 1,100 पेटंटं. कोडॅकच्या बाजूने मूल्यांकन करणाऱ्या संस्थेने न्यायालयापुढे ठेवलेला आकडा 221 ते 257 कोटी डॉलरचा. 1 फेब्रुवारी 2013 रोजी प्रत्यक्ष हाती आले 52.7 कोटी. अंदाजाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. पेटंटं तीच, शोध तेच. मग बाकीचे पैसे गेले कुठे?

माझ्या मते ते कुठेच गेले नाहीत, कारण ते कधी नव्हतेच. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तशी ती 221 कोटींची बेरीज होती.

विकायला काय असतं

पेटंट म्हणजे वस्तू बनवण्याचा परवाना, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क, तोही ठरावीक देशात आणि ठरावीक वर्षांपुरता. हे कोडॅकला कुणी शिकवायची गरज नव्हती. पोलरॉइडने झटपट फोटोच्या तंत्रावरून कोडॅकवर दावा लावला होता. 1986 मध्ये कोडॅकला त्या धंद्यातून उठावं लागलं आणि 1991 मध्ये 92.5 कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. म्हणजे पेटंटाचा दणका या कंपनीने आधी खाल्ला, मग द्यायला शिकली.

अडवण्याचा हक्क विकत घेणारा माणूस शोध किती हुशारीचा आहे हे बघत नाही. तो बघतो की याच्या वाटेत आज कोण उभं आहे, त्याला वळसा घालून जाता येतं का, आणि भांडण न्यायालयात गेलं तर हा हक्क टिकेल का. नोबेलच्या तोडीचा शोध कुणीच वापरत नसेल तर त्याच्या पेटंटला गिऱ्हाईक नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र कसं दाखवायचं याबद्दलची एक बारीक युक्ती दरवर्षी कोट्यवधी फोनमध्ये बसत असेल, तर तिला सोन्याचा भाव.

कोडॅककडे नेमकी अशी एक युक्ती होती.

218 क्रमांकाचं पेटंट

अमेरिकेचं पेटंट क्रमांक 62,92,218. वकिली भाषेत नुसतं ‘दोनशे अठरा’. मूळ अर्ज 1994 च्या डिसेंबराअखेरचा, पेटंट मिळालं सप्टेंबर 2001 मध्ये. विषय असा: कॅमेरा रोखला की मागच्या पडद्यावर समोरचं दृश्य हलताना दिसतं, आणि बटण दाबलं की त्यातूनच एक स्थिर, बारीक तपशिलाचा फोटो निघतो. हलत्या दृश्यासाठी कमी ठिपके घेऊन झटपट, जुजबी प्रक्रिया करायची. फोटोसाठी सगळे ठिपके घेऊन सावकाश, नीट प्रक्रिया करायची. दोन कामांना दोन वाटा.

आज हे वाचून कुणीही म्हणेल, यात काय एवढं? पण 1994 मध्ये प्रोसेसर मंद होते आणि बॅटरी लगेच संपत, तेव्हा ही सोय महत्त्वाची होती. पुढे कॅमेरा फोनमध्ये शिरला आणि ही युक्ती प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसली. वाटेत कोण उभं आहे, या प्रश्नाचं उत्तर इथे होतं: जवळपास सगळेच.

उल्लंघन सिद्ध करणंही इथे तुलनेने सोपं होतं, आणि ही गोष्ट विक्रीत फार मोलाची. कारखान्याच्या भिंतीआड चालणाऱ्या रासायनिक प्रक्रियेचं पेटंट असेल तर समोरचा ती वापरतो हे दाखवणार कसं? कॅमेऱ्याचं तसं नाही. बाजारातून फोन आणा, उघडा, तपासा. पेटंट विकणारे दलाल ‘क्लेम चार्ट’ मागतात तो यासाठीच. डावीकडे पेटंटातल्या दाव्याचा (म्हणजे नेमक्या कशावर हक्क सांगितला आहे त्या कलमाचा) एकेक शब्द, उजवीकडे समोरच्याच्या उत्पादनात तो कुठे सापडतो ते. एक रकाना जरी रिकामा राहिला, तरी उल्लंघन सिद्ध होत नाही.

कोडॅकने या पेटंटावर आधी कोरियन कंपन्यांना गाठलं. ठिकाण निवडलं अमेरिकेचा आंतरराष्ट्रीय व्यापार आयोग. तिथे नुकसानभरपाई मिळत नाही, पण उल्लंघन करणारा माल देशात येणंच बंद करता येतं. फोन बनतात आशियात, विकले जातात अमेरिकेत. बंदरावरच अडवण्याची धमकी पुरेशी असते. डिसेंबर 2009 मध्ये आयोगाच्या न्यायाधीशाने सॅमसंगविरुद्ध कौल दिला. त्या सुमारास दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली: एलजीने 41.4 कोटी डॉलर मोजले, सॅमसंगने 55 कोटी. दोघांचे मिळून 96.4 कोटी डॉलर.

इथेच कोडॅकचा स्वतःच्या खजिन्याबद्दलचा अंदाज चढला असावा. दोघांकडून एवढे, तर अ‍ॅपल आणि ब्लॅकबेरीवाल्या रिसर्च इन मोशनकडून किती? जानेवारी 2010 मध्ये या दोघांवर त्याच आयोगात दावे लागले.

आणि तिथे घसरण सुरू झाली. जानेवारी 2011 मध्ये आयोगाच्या न्यायाधीशाने म्हटलं, अर्ज झाला त्या वेळच्या जाणकाराला हे सुचण्यासारखंच होतं, म्हणून या पेटंटातला पंधरावा दावा अवैध. आयोगाने ते पुन्हा तपासायला पाठवलं. मे 2012 मध्ये दुसऱ्या न्यायाधीशाचं उत्तर आणखी बोचरं आलं: हो, काही फोन हा दावा मोडतात, पण दावाच अवैध आहे. 20 जुलै 2012 रोजी पूर्ण आयोगाने अवैधतेवर शिक्कामोर्तब केलं.

लिलावाच्या बोल्या उघडायच्या होत्या 8 ऑगस्टला. म्हणजे मुख्य दागिना नकली असल्याचा निकाल लिलावाच्या तीन आठवडे आधी.

2009 मध्ये एका न्यायाधीशाला वैध वाटलेला दावा 2012 मध्ये अवैध ठरतो, याचं कुणाला आश्चर्य वाटेल. पेटंट कार्यालयाचा परीक्षक मोजक्या तासांत जुनं साहित्य चाळतो. कोट्यवधी डॉलर पणाला लागलेला प्रतिवादी त्यासाठी वर्षभर माणसं कामाला लावतो. पेटंट मिळालं म्हणजे शोध नवा ठरला असं नाही, तो अजून कुणी पाडलेला नाही एवढंच. खऱ्या लढाईतून तावून सुलाखून निघालेलं पेटंट म्हणूनच महाग असतं. कोडॅकचं अर्ध्या लढाईत जिंकलेलं आणि उरलेल्या अर्ध्यात हरलेलं होतं.

मुदतीचा हिशेबही होताच. 1994 चा अर्ज, वीस वर्षांची मुदत. लिलावाच्या वेळी उरलेली वर्षं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. अमेरिकेत मागच्या सहा वर्षांच्या उल्लंघनाची भरपाई मागता येते, त्यामुळे मुदत संपत आलेलं पेटंटही अगदीच कवडीमोल नसतं. पण विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने ती विझत चाललेली शेगडी.

कुळं लागलेली जमीन

आपल्याकडे जमीन घेताना आधी सातबारा काढतात. मालक कोण, बोजा कुणाचा, इतर हक्कांत कुणाची नोंद. पेटंटाचंही तेच, फक्त हा सातबारा एका कागदावर मिळत नाही, जोडावा लागतो.

कोडॅकच्या पेटंटांवर बोजा होता तो आधी देऊन ठेवलेल्या परवान्यांचा. सॅमसंगने पैसे भरले, एलजीने भरले. अशा तीसहून जास्त कंपन्यांना कोडॅकने परवाने दिले होते आणि त्यातून दहाएक वर्षांत 300 कोटी डॉलरच्या वर कमावले होते. विक्रीच्या कागदात हा आकडा मोठ्या अभिमानाने मिरवला जाई: बघा, ही पेटंटं किती कमावतात! पण घेणाऱ्याने तोच आकडा उलट्या बाजूने वाचला. परवाना पेटंटाबरोबर चालतो, मालक बदलला तरी तो मोडत नाही. ज्यांच्याकडून पैसे काढून झाले त्यांच्याकडून पुन्हा काढता येणार नाहीत. जमीन विकत मिळेल, पण बांधापासून बांधापर्यंत कुळं लागलेली. पीक तुमच्या आधीच्या मालकाने काढून नेलेलं.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा हाच. परवान्यांतून मिळालेला पैसा पेटंटाची ताकद दाखवतो आणि त्याच वेळी विक्रीची किंमत खातो. 221 कोटींसारखा आकडा पुढे येणाऱ्या रॉयल्टीच्या भरवशावर उभा राहतो. पण पैसे द्यायचे उरले होते कोण? मुख्यतः अ‍ॅपल, रिसर्च इन मोशन, एचटीसी आणि असेच थोडे. आणि हेच लोक लिलावात बोली लावणारेही होते.

मालकीवरही सावली होती. 1994 साली अ‍ॅपलने क्विकटेक नावाचा कॅमेरा बाजारात आणला, तो बनवला होता कोडॅकने. त्या काळात दोन्ही कंपन्यांनी एकत्र काम केलेलं असल्यामुळे यातली दहा पेटंटं मुळात आमची आहेत, असं अ‍ॅपलने म्हटलं. अ‍ॅपलमधूनच वेगळी झालेल्या फ्लॅशपॉइंटनेही तसाच हक्क सांगितला. कोडॅकने दिवाळखोरी न्यायालयाकडे धाव घेतली आणि काही पेटंटांपुरता निकाल आपल्या बाजूने मिळवला. पण विक्रीच्या ऐन तोंडावर भाऊबंदकीचा दावा लागलेली जमीन कोण पूर्ण भावाने घेतो?

जाता जाता, आपल्याकडच्या संशोधकांसाठी. भारतात पेटंटाचं हस्तांतरण लेखी असावं लागतं आणि त्याची पेटंट कार्यालयात नोंद व्हावी लागते, फॉर्म 16 भरून. नोंद नसलेला दस्त मालकीचा पुरावा म्हणून मांडताना अडचण येते. महाविद्यालयातल्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांसह केलेला शोध, अर्जावर तीन नावं, हक्क संस्थेकडे सोपवल्याचा कागद कुणाच्याच फायलीत नाही, आणि वार्षिक शुल्क एका वर्षी भरायचं राहून गेलेलं: असं पेटंट विकायला निघालं तर गिऱ्हाईकाचा वकील पहिल्या भेटीतच उठून जाईल. शोध कितीही चांगला असो.

दोन छावण्या, मग एकच

आता नॉर्टेलकडे बघू, कारण तुलनेशिवाय कोडॅकचा भाव कळत नाही.

कॅनडाची नॉर्टेल ही दूरसंचार कंपनी. तीही दिवाळखोर, 2009 पासून. 2011 च्या जून-जुलैमध्ये तिची सुमारे 6,000 पेटंटं आणि अर्ज लिलावात गेले. गूगलने 90 कोटी डॉलरची सुरुवातीची बोली लावली होती. शेवटी अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, रिसर्च इन मोशन, सोनी, एरिक्सन आणि ईएमसी यांच्या गटाने 450 कोटी डॉलरला ती घेतली. गूगलने मधल्या एका फेरीत 314.159 कोटी अशी, म्हणजे पायच्या किमतीची, बोली लावल्याचं तेव्हा गाजलं होतं. पैसा असला की थट्टाही महाग करता येते.

म्हणजे नुसत्या दिवाळखोरीने भाव पडत नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी हे खरं, पण गाढवं दोन असतील आणि एकमेकांवर खार खाऊन असतील, तर हरीचं भागतं. नॉर्टेलच्या वेळी अँड्रॉइडवाले आणि अँड्रॉइडच्या विरोधातले अशा दोन फळ्या होत्या. चौथ्या पिढीच्या मोबाइल जाळ्याशी जोडलेली ती पेटंटं विरोधकाच्या हाती पडली तर आपलं काय होईल, ही दोघांचीही धास्ती. 90 चे 450 झाले ते या धास्तीने.

कोडॅकच्या वेळीही सुरुवात तशीच झाली. एका बाजूला अ‍ॅपल आणि इंटलेक्च्युअल व्हेंचर्स, दुसऱ्या बाजूला गूगल आणि आरपीएक्स. इंटलेक्च्युअल व्हेंचर्स पेटंटं विकत घेऊन परवाने देण्याचा धंदा करते. आरपीएक्सचा धंदा उलटा, सभासद कंपन्यांना दाव्यांपासून वाचवण्यासाठी धोकादायक पेटंटं आधीच उचलायची. बातम्यांनुसार पहिल्या बोल्या 15 ते 25 कोटी डॉलरच्या आसपास आल्या. कोडॅकने लिलाव लांबवला, निकाल पुढे ढकलला, भाव पटला नाही तर विकणारच नाही असंही सुनावलं.

पण मधल्या वर्षात वारं बदललं होतं. गूगलने मोटोरोला मोबिलिटी 1,250 कोटी डॉलरला घ्यायचं ठरवून आपला पेटंटांचा दारूगोळा भरून घेतला होता. नॉर्टेलच्या लिलावात किती पैसे उधळले याचा हिशेब दोन्ही बाजूंनी केला असणारच. आणि त्यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली: आपल्याला ही पेटंटं नको आहेत. ती दुसऱ्याने आपल्यावर उगारू नयेत, एवढंच हवं आहे. त्यासाठी भांडायची काय गरज? वर्गणी काढू.

डिसेंबर 2012 मध्ये जाहीर झालेला सौदा असाच होता. इंटलेक्च्युअल व्हेंचर्स आणि आरपीएक्स यांनी मोट बांधली, आणि पैसे भरून परवाने घेणाऱ्या बारा कंपन्या पुढे आल्या: अडोबी, अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, फेसबुक, फुजीफिल्म, गूगल, एचटीसी, ह्वावे, मायक्रोसॉफ्ट, रिसर्च इन मोशन, सॅमसंग आणि शटरफ्लाय. कोडॅकचे या कंपन्यांशी चाललेले पेटंटाचे खटलेही त्यातच मिटले.

त्याच 2012 मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीची सुमारे 800 पेटंटं मायक्रोसॉफ्टने 105.6 कोटी डॉलरला घेतली होती आणि त्यातली बरीचशी लगेच फेसबुकला 55 कोटींना विकली होती. दर पेटंटामागे हिशेब मांडला तर एओएलला 13 लाख डॉलर, नॉर्टेलला साडेसात लाख, कोडॅकला पाच लाखांहूनही कमी. (अशी सरासरी काढणं मुळात फसवं आहे. कुठल्याही गठ्ठ्यात पाचपन्नास पेटंटं कामाची असतात आणि बाकीचा भुसा. पण गिऱ्हाईक भुशाचंही वजन करून दाखवतं, म्हणून आपणही करायचं.) बाजारच बसला होता, ही सबब एओएलच्या आकड्यापुढे टिकत नाही.

किंमत नेमकी कुणी ठरवली

मग सौद्यात ठरलेला 52.5 कोटी हाच आकडा का? 40 का नाही, 80 का नाही?

उत्तर पेटंटांत नाही, कर्जाच्या कागदात आहे. 19 जानेवारी 2012 रोजी कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा सिटीग्रुपकडून 95 कोटी डॉलरचं कर्ज घेतलं आणि पेटंटविक्री ठरल्या तारखांना करण्याचं बंधन गळ्यात घालून घेतलं. वर्षाअखेरीस बाहेर पडण्यासाठी नवं कर्ज हवं होतं, सुमारे 83 कोटींचं. ते देणाऱ्यांची एक अट होती: डिजिटल पेटंटं किमान 50 कोटी डॉलरला विकली गेली पाहिजेत.

ही अट जाहीर होती. टेबलापलीकडे बसलेल्या बारा कंपन्यांच्या वकिलांनी ती वाचली होती. विकणाऱ्याला 50 हवेतच, आणि 50 मिळाले की तो नाही म्हणणार नाही, हे एकदा कळलं की उरते ती किरकोळ घासाघीस. सौदा जाहीर झाला सुमारे 52.5 कोटींना.

कोडॅककडे दुसरा मार्ग होता का? पंधराव्या दाव्यावर अपील करून, दोन-तीन वर्षं थांबून, जिंकून मग विकायचं. पण तोवर 218 ची मुदत संपत आली असती आणि हाताखालचे हजारो लोक, निवृत्तिवेतनाची देणी, घेणेकऱ्यांची रांग तोवर थांबली नसती. 2009 च्या डिसेंबरात, सॅमसंगवरचा कौल ताजा असताना आणि अ‍ॅपलवर दावा लावण्याआधी, हा सगळा गठ्ठा दोनच भिडूंपुढे ठेवला असता तर? त्या वेळी दावा वैध ठरलेला होता, कर्जाची अट नव्हती, अर्धे कॅमेराफोनवाले अजून परवान्याबाहेर होते. मला वाटतं, कोडॅकच्या पेटंटांचा खरा हंगाम तो होता. पण चालू असलेलं रॉयल्टीचं दुभतं कोण विकतं?

11 जानेवारी 2013 रोजी न्यायालयाने सौदा मंजूर केला आणि तीन आठवड्यांनी पैसे आले. त्यातला बराचसा थेट सावकारांकडे गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कोडॅक दिवाळखोरीतून बाहेर पडली. तोवर ग्राहकांसाठी कॅमेरे बनवणं तिने सोडलेलंच होतं. आणि सौद्यात परवाना घेणाऱ्या बारा नावांमध्ये फुजीफिल्म होती, कोडॅक फिल्मच्या पिवळ्या डब्याशी जिच्या हिरव्या डब्याने आयुष्यभर झुंज दिली ती.